मोठ्या क्रीडास्पर्धांना स्वयंसेवक म्हणून कुणी गेलंय का?

चौथी_लेन

मी नाशिकची. स्वतः कधी धावले नाही, पण ॲथलेटिक्स बघायचं वेड शाळेपासूनचं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आमच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने दहा हजार मीटरचं कांस्य घेतलं, तेव्हापासून ते वाढतच गेलं. जागतिक स्पर्धा चालू असली की रिमोट मागायचा नाही, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

२०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. तिकीट काढून बघण्यापेक्षा आत शिरून काहीतरी काम करावं. मामेबहीण लॉस एंजेलिसजवळ राहते, त्यामुळे २०२८ चं ऑलिंपिकही मनात येऊन जातं, पण ती उडी जरा मोठीच.

अर्ज कधी आणि कसा करतात? अनुभव लागतो का, आणि नसेल तर तो आणायचा कुठून? खर्च कोण करतं? आणि मुख्य म्हणजे, खेळ बघायला मिळतो का? वय ३८, नोकरी बँकेत. रजा मिळते, पण उपकार केल्यासारखी.

तुरटी

रुमाल टाकून ठेवतो.

दोहाकर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. नाही मिळत.

२०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाला मी इथे दोहात स्वयंसेवक होतो. जागा २० हजार, अर्ज ४ लाख २० हजारांच्या वर. निवडलेल्यांपैकी बहुतेक आम्ही इथे राहणारेच, बाहेरच्या देशांतून आलेले तीनेक हजार. आधी ऑनलाइन अर्ज, मग मुलाखत, प्रशिक्षण, शेवटी गणवेश. मुलाखतीत मेस्सी भारी की रोनाल्डो असलं कुणी विचारत नाही. रांगेतला माणूस चिडून अंगावर आला तर काय कराल, सोबतचा न सांगता निघून गेला तर काय कराल, हे विचारतात.

मला मिळाली प्रेक्षकसेवा. हातात फोमचा भला मोठा पंजा आणि लुसेल मेट्रो स्टेशन ते स्टेडियम या वाटेवर उभं राहून "इकडून या, इकडून या". अंतिम सामन्यालाही ड्युटी बाहेरच. आत ८८ हजार माणसं, आणि आम्ही गोल आवाजावरून ओळखतोय. पहिले दोन लगेच कळले. अर्जेंटिनावाले जास्त होते, आवाज खणखणीत. मग बराच वेळ काहीच नाही. शेवटाकडे एक वेगळाच, चिरका आवाज आला आणि तो विरतोय तोवर आणखी एक. आमच्यातला एकजण म्हणाला, मोठ्या पडद्यावर रिप्ले दाखवला असेल. तो फ्रान्सच्या एम्बापेचा दुसरा गोल होता! ८० व्या मिनिटाला एक, ८१ व्याला दुसरा.

आता विचाराल, परत बोलावलं तर जाणार का? उद्या बोलावलं तर उद्या जाईन. का, ते नीट सांगता येत नाही.

वांगी_भात

आवाजावरून गोल ओळखायचे, हे झकास. आमच्या चाळीत लाइट गेली की सचिन आउट झालाय की नाही ते समोरच्या बिल्डिंगच्या आवाजावरून असंच कळायचं. आणि त्यासाठी गणवेश, मुलाखत काही लागत नसे.

सोलिहलकरीण

दोहाकर, "नाही मिळत" इतकं सरसकट नका हो सांगू, बिचारी पळून जाईल. काम कुठलं मिळतं त्यावर आहे सगळं.

मी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुलला होते. जवळजवळ १४ हजार स्वयंसेवक होते आम्ही. कुणी मैदानाच्या कडेला असतात, कुणी पदकांचे तबक घेऊन चालतात, कुणी एखाद्या देशाच्या संघासोबत सावलीसारखे फिरतात, कुणी पत्रकारांच्या रांगेत. यांना खेळ दिसतो, थोडा तरी. बाकीचे, म्हणजे निम्म्याहून जास्त, माझ्यासारखे दारात.

माझं दार होतं एनईसी या प्रदर्शन केंद्रातल्या वेटलिफ्टिंगच्या हॉलचं. मी मूळची मिरजेची आणि ३० जुलैला ५५ किलो गटात सांगलीचा संकेत सरगर. गंमत बघा! आत आमच्या गावाकडचा पोरगा बार उचलतोय आणि मी लोकांना "पाण्याची बाटली चालेल, काचेची नाही" सांगतेय. दार उघडमीट व्हायचं त्या फटीतून दिसेल तेवढा पाहिला. स्नॅचमध्ये, म्हणजे एका दमात डोक्यावर, ११३ किलो, मग क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर मग डोक्यावर, १३५, आणि १३९ ला कोपर गेलं. तरी तिसऱ्या प्रयत्नाला परत आला. दार बंद असताना आतून जो काय एकत्र "ओह्" आला ना, त्यावरूनच कळलं की काहीतरी दुखावलंय. एकूण २४८. मलेशियाच्या खेळाडूने २४९ करून सुवर्ण नेलं. एका किलोने! भारताचं त्या स्पर्धेतलं पहिलं पदक ते.

माझ्या शेजारी एक रिटायर्ड पोस्टमन आजोबा ड्युटीला होते. त्यांना सांगितलं, याच्या वडिलांची सांगलीत पानाची टपरी आहे. मग पान म्हणजे काय ते सांगण्यात उरलेली पाळी गेली.

तिरकी_रेघ

सगळ्यांच्या आनंदावर पाणी टाकतो, माफ करा.

२०१९ ते २०२२ या चार वर्षांत फिफाची कमाई ७५० कोटी डॉलरच्या वर होती. त्यांच्याकडे २० हजार माणसांना पगार द्यायला पैसे नाहीत? वकिलाला देतात, कॅमेरावाल्याला देतात, गवत कापणाऱ्याला देतात. फक्त दारात उभ्या असलेल्या माणसाला "अनुभव" देतात.

टोकियो ऑलिंपिकचं आठवा. २०२१ मध्ये जपानी इस्पितळं करोनाच्या रुग्णांनी भरलेली आणि आयोजकांनी ५०० परिचारिका मागितल्या. तिथल्या परिचारिकांनी समाजमाध्यमांवर जो संताप केला तो योग्यच होता. २०२६ च्या विश्वचषकाला ६५ हजार स्वयंसेवक घेणार म्हणे. तिकिटांचे भाव बघा आणि मग बोला.

चौथी_लेन, तुम्हाला खेळ आवडतो ना? मग तिकीट काढा, बसून बघा. रजा घालवून फुकट हमाली कशाला?

वांगी_भात

आला, विघ्नसंतोषी आला. पॉपकॉर्न आणतो.

कासाई_बुद्रुक

तिरकी_रेघ, मी टोकियोत होतो, त्यामुळे या विषयावर अर्धा तुमच्या बाजूने आहे.

राहायला निशी-कासाई, जिथे गल्लीत चार मराठी घरं सापडतात. कनू स्लॅलमचं, म्हणजे खळाळत्या पाण्यात फाटकांमधून होडी वल्हवायच्या शर्यतीचं, केंद्र घरापासून जवळच. अर्ज २०१८ च्या शरदात भरलेले, म्हणजे स्पर्धेच्या पावणेदोन वर्षं आधी. दोन लाखांवर अर्ज, जागा ८० हजार. मग स्पर्धा वर्षभर पुढे गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत आयोजन समितीच्या अध्यक्षांनी बायका सभेत फार बोलतात असं काहीतरी विधान केलं, त्यांना पद सोडावं लागलं आणि त्या विधानावरून बरेच स्वयंसेवकही सोडून गेले. जूनपर्यंत गळतीचा आकडा १० हजारांवर होता. बायको म्हणाली, तूही सोड. मी म्हटलं, गणवेश आलाय.

मानधन नव्हतंच. येण्याजाण्यासाठी दिवसाला हजार येनचं कार्ड, पाळीत जेवण, आणि आसिक्सचे कपडे-बूट-पिशवी जी अजून वापरतो. मला मूळ काम दिलं होतं प्रेक्षकांना वाट दाखवायचं. प्रेक्षकांनाच बंदी! मग दुसऱ्या कामावर टाकलं, कर्मचाऱ्यांच्या प्रवेशद्वारावर. जुलैतली टोकियोची उकाड्याची झळ, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, खिशात मिठाच्या गोळ्या. रिकाम्या बाकांसमोर पाण्याचा आवाज आणि प्रशिक्षकांचं ओरडणं, बास.

पण त्यामुळेच खेळ दिसला. गर्दी नाही म्हटल्यावर कामही कमी, आणि मधल्या वेळेत कुणी हाकललं नाही. ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स तिथे खेळली, कयाकमध्ये कांस्य आणि दोन दिवसांनी कनूत सुवर्ण. तिच्या कयाकच्या टोकाची दुरुस्ती कशाने केली होती ते माहितेय का? निरोधने. ताणून बसवलं की आतलं कार्बनचं लिंपण गुळगुळीत बसतं म्हणे. तिनेच व्हिडिओ टाकला होता. ऑलिंपिक ग्रामात ते वाटतात हे ठाऊक होतं, हा उपयोग ठाऊक नव्हता.

तुरटी

रुमाल टाकल्याचं सार्थक झालं.

किटली

अवांतरावरून खऱ्या अवांतरावर येते. सगळे प्रेक्षकसेवेबद्दलच लिहिताहेत. मी वेगळं काम केलंय, देशातल्याच स्पर्धांत: उत्तेजक चाचणीची सोबतीण. शॅपरोन म्हणतात.

शर्यत संपली की आपल्याला कागद मिळतो, अमुक नंबरची खेळाडू. आपण तिच्यापाशी जायचं, ओळखपत्र दाखवायचं, तुझी चाचणीसाठी निवड झालीय म्हणून सांगायचं, सही घ्यायची. त्या क्षणापासून चाचणीकेंद्रात पोचेपर्यंत तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. तिने पदक घ्यायला जावं, मुलाखत द्यावी, पाय मोकळे करावेत, सगळं चालतं, पण मी मागे. एकटीने बाथरूमला जायचं नाही. तिला पाणी मी माझ्या हाताने द्यायचं नाही, बंद बाटल्यांतून तिने स्वतः निवडायची. लघवीचा नमुना कमीत कमी ९० मिलिलिटर लागतो. मे महिन्यात दहा हजार मीटर धावलेल्या मुलीच्या अंगात ९० मिलिलिटर कुठून येणार? बसतो मग. कधी तास, कधी तीन तास.

आणि हरलेल्यांनाही निवडतात. चौथी आलेली मुलगी असते, पदक पाऊण सेकंदाने गेलेलं, आईला फोन लावून रडतेय, आणि तिच्यापासून चार हातांवर जाकीट घातलेली एक अनोळखी बाई उभी. ती मी. बोलायचं नाही, सेल्फी नाही, सही नाही, नंतर कुणाला नाव सांगायचं नाही. खेळावर प्रेम असलेल्या माणसाला हे जमेलच असं नाही. टीव्हीवर दिसतो तो खेळ अशा वेळी फार लांबचा वाटतो. माझं प्रेम वाढलं. मैत्रिणीने एका दिवसात सोडलं, तिचंही चूक नाही.

तिरकी_रेघ, देशात या कामाचे दिवसाला थोडे पैसे मिळतात. तुमच्या समाधानासाठी सांगितलं.

तिरकी_रेघ

किटलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसलो होतो. शेवटच्या ओळीने परत जागा केलात.

बालेवाडीचा_जुना

पुणेकर कुणीच कसं बोललं नाही? २००८ च्या ऑक्टोबरला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या ना बालेवाडीला! ७१ देश. शुभंकर जिगर नावाचा वाघ. आम्ही कॉलेजची पोरं स्वयंसेवक. आमच्यातल्या बहुतेकांनी बालेवाडी त्याआधी फक्त मुंबईहून येताना हायवेवरून पाहिलेली. सायना नेहवाल तेव्हा ज्युनिअर म्हणून खेळली आणि सुवर्ण घेऊन गेली. भारत पदकतालिकेत पहिला होता.

माझ्या वाट्याला आफ्रिकेतल्या एका छोट्या देशाचा संघ. खेळाडू मोजून सात आणि सोबत एकच गृहस्थ, तोच प्रशिक्षक, तोच व्यवस्थापक, तोच मालिशवाला. त्याने मला पहिल्याच दिवशी विचारलं, स्पाइक्स कुठे मिळतील? मी त्याला बाइकवर मागे बसवून लक्ष्मी रोडला नेलं. हे नियमात बसत होतं की नाही, कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

इथे कुणाला लंडन, पॅरिसच दिसतं. अहो, दारात आलेली स्पर्धा सोडू नका. नवी मुंबईत २०१७ ला सतरा वर्षांखालचा फुटबॉल विश्वचषक झाला, २०२२ ला मुलींच्या त्याच विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. २०१७ च्या स्पेन-माली उपांत्य सामन्यात माझा धाकटा भाऊ डी. वाय. पाटीलला पत्रकारांच्या विभागात कागद वाटत होता. त्या दिवशी स्पेनचा तिसरा गोल करणारं पोरगं म्हणजे फेरान टोरेस. पाच वर्षांनी कतारमध्ये त्याने कोस्टा रिकाला दोन ठोकले तेव्हा भाऊ घरभर नाचत होता, याला मी कागद दिलाय म्हणून.

मांडवीकाठ

गोंयकारांना विसरू नका हं. २०१४ ला पोर्तुगीज भाषिक देशांची लुसोफोनिया स्पर्धा, २०१७ च्या त्याच विश्वचषकाचे सामने फातोर्ड्याला, २०२३ ला राष्ट्रीय स्पर्धा. मी राष्ट्रीय स्पर्धेला होतो. गाडी चालवायचं काम दिलं, कारण अर्जात लिहिलं होतं "सगळे रस्ते माहीत". फोंडा, म्हापसा, मडगाव, परत फोंडा. खेळ एकही नाही बघितला, पण अर्ध्या भारताच्या खेळाडूंनी माझ्या गाडीत झोपा काढल्या.

वाळवंटी_जाई

कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते. माझ्या भाच्याला एका एजंटाने गाठलं होतं: ऑलिंपिकला स्वयंसेवक म्हणून पाठवतो, व्हिसासकट, इतके लाख द्या. लक्षात ठेवा, खरे आयोजक स्वयंसेवकाकडून अर्जाचे, निवडीचे, गणवेशाचे पैसे घेत नाहीत. कुणी मागितले की समजून जा.

पण दुसरी बाजूही ऐका. फुकट निवड म्हणजे फुकट प्रवास नव्हे. विमान आपलं, राहणं आपलं. पॅरिसला ४५ हजार जागांसाठी ३ लाखांवर अर्ज आले, त्यातल्या निवडलेल्यांना पाळीचं जेवण, शहरातला प्रवास आणि कपडे मिळाले. झोपायचं कुठे ते ज्याचं त्याने बघायचं, आणि ऑलिंपिकच्या महिन्यात पॅरिसमधल्या खोलीचं भाडं म्हणजे काय ते विचारू नका. त्यात नेमबाजी तर शातोरूला, पॅरिसपासून दोन-अडीचशे किलोमीटरवर. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं कांस्य तिथलंच. व्हिसाही आपणच काढायचा, निवडीचं पत्र म्हणजे व्हिसा नव्हे. म्हणून चौथी_लेन, लॉस एंजेलिसला मामेबहीण आहे हे लहानसहान भांडवल नाही. तिच्याशी चांगलं वागा.

दोहाकर

जाईताई +१. कतारने बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांना राहायला दिलं होतं, पण तसं सगळीकडे नसतं.

अर्ज कधी, हे राहिलंच होतं. लंडन २०१२ चे अर्ज २०१० च्या सप्टेंबरात निघाले, टोकियोचे पावणेदोन वर्षं आधी हे वर आलंच आहे, पॅरिसचे २०२३ च्या मार्चमध्ये, २०२६ विश्वचषकाचे २०२५ च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे साधारण एक ते दोन वर्षं आधी, आणि खिडकी महिना-दोन महिनेच उघडी असते. त्या हिशोबाने अहमदाबादसाठी २०२८ च्या अखेरीपासून डोळे उघडे ठेवा.

काठीवाले_अप्पा

माझं वय ६४. आम्हाला कुणी घेतं की नाही? की फक्त तरुणांचंच काम?

सोलिहलकरीण

अप्पा, खालची अट १८ ची असते, वरची सहसा नसतेच. माझे पोस्टमन आजोबा ७१ चे होते आणि आमच्यात सगळ्यात आधी हजर. उभं राहवत नसेल तर तसं अर्जात लिहा, बसायची कामं असतात: ओळखपत्रं वाटणं, गणवेश देणं, फोन घेणं.

आणि एक सुचवते, चौथी_लेनलाही. दिव्यांगांच्या स्पर्धांचा अर्ज आवर्जून भरा. ऑलिंपिकच्या मागे सगळे लागतात, पॅरालिंपिकला कमी. तिथे खेळाडूंशी बोलणं जास्त होतं, गर्दी कमी असते. दिल्लीत २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरला पॅरा ॲथलेटिक्सची जागतिक स्पर्धा झाली, किती लांब होती नाशिकहून?

तिरकी_रेघ

माझ्या मूळ मुद्द्याला कुणी उत्तर दिलेलं नाही, फक्त गोष्टी सांगितल्यात. गोष्टी छान आहेत. तरी मुद्दा तोच: नफ्याच्या स्पर्धेत फुकट श्रम का?

बालेवाडीचा_जुना

बरं, उत्तर देतो. फिफाने पगार द्यावा, मला मान्य. दिला की मग काय होईल? ती कामं कंत्राटदाराकडे जातील, कंत्राटदार पोरं आणेल, त्यांना निम्मे पैसे मिळतील आणि कुणालाच खेळाशी घेणंदेणं नसेल. आपल्याकडच्या मोठ्या क्रिकेट सामन्यांना गेटवर असतो तसा अनुभव. मला तो नको. इंग्लंडमध्ये २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाला हजारो स्वयंसेवक होते. आपल्याकडे प्रेक्षकाला साधं हसून "डावीकडून जा" म्हणणारा माणूस क्रिकेटला कधी भेटलाय?

तिरकी_रेघ

म्हणजे कंत्राटदार चोर म्हणून कामगाराला काहीच द्यायचं नाही. अजब तर्क.

प्रशासक

दोघांनी मुद्द्याला धरून लिहावं. अर्थकारणासाठी वेगळा धागा काढा.

घोड्याची_अडीच_घरं

धागा आत्ता वाचला. एक वेगळीच वाट सांगतो.

चौथी_लेन, तुम्हाला खेळाच्या जवळ जायचंय, गणवेशाच्या नाही. मग स्वयंसेवकापेक्षा पंच व्हा. मी बुद्धिबळाचा. आधी जिल्हा-राज्य स्पर्धांत मदत, मग राष्ट्रीय पंचाची परीक्षा. चेन्नईजवळ मामल्लपुरमला २०२२ चं बुद्धिबळ ऑलिंपियाड झालं, खुल्या गटात १८० हून जास्त संघ. तिथे स्वयंसेवक पाणी आणि पाट्या बघत होते, पंच पटांच्या मधून फिरत होते. मानधनही असतं, तिरकी_रेघ यांनी नोंद घ्यावी.

ॲथलेटिक्सलाही तसंच आहे. जिल्हा संघटना पंचांची परीक्षा घेतात, आणि जिल्हा स्पर्धांत माणसांचा कायम दुष्काळ. फेकीचं अंतर मोजायला, उंच उडीचा बार परत ठेवायला, लांब शर्यतीत फेऱ्या मोजायला माणूस लागतो. जाऊन उभ्या राहा, लगेच कामाला लावतील. अहमदाबाद यायला वेळ आहे, तोवर दोन-तीन हंगाम गाठीशी येतील. तिथे पंच म्हणून निवड झाली नाही तरी स्वयंसेवकांच्या ढिगात तुमचा अर्ज वर येईल.

पेडर_रोड_चढण

दर जानेवारीतली मुंबई मॅरेथॉनही आहेच, पाण्याच्या टेबलावर कायम माणसं हवी असतात. एक युक्ती सांगते जी कुणी शिकवत नाही: पेला वरून धरू नका, तळहातावर ठेवा किंवा अगदी खालून बोटांनी धरा, आणि हात धावणाऱ्याबरोबर थोडा मागे न्या. नाहीतर पाणी तुमच्या तोंडावर आणि धावणारा पुढे. आणि टेबलाच्या सुरुवातीला गर्दी करू नका, शेवटी उभ्या राहा. जाणकार धावपटू शेवटच्या टेबलावरच घेतात.

वांगी_भात

आमच्या घरी एक गृहस्थ आहेत, त्यांना स्वयंसेवेची सवय लावायची आहे. टेबलापासून सुरुवात केली तरी चालेल.

चौथी_लेन

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय.

घोड्याची_अडीच_घरं यांचं ऐकलं. जिल्हा संघटनेत गेले, "काही काम असेल तर सांगा" म्हटलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, मुलगा खेळतो का? मुलगी? कुणीच नाही म्हटल्यावर जरा संशयानेच पुढच्या रविवारी सकाळी सहाला बोलावलं.

पहिल्या दिवशी नंबर टाचणीने लावून दिले, शंभरेक मुलींच्या पाठीवर. दुसऱ्या स्पर्धेत बढती: पाच हजार मीटरला फेऱ्या मोजणं. एकीने जास्तीत जास्त चार धावपटूंच्या मोजायच्या. साडेबारा फेऱ्या. माझ्या चौघी. प्रत्येक वेळी समोरून गेली की तक्त्यावर वेळ लिहायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर पुढच्या मुली मागच्यांना गाठायला लागतात आणि सगळा काला होतो; कोण पुढे, कोण मागे, काही कळत नाही. मला फक्त चार नंबर दिसत होते. एकीने आठव्या फेरीनंतर माझ्याकडे बघून हाताने विचारलं, किती राहिल्या? मी जोरात ओरडले. बाकीच्यांनीही वळून पाहिलं.

शर्यत संपली. शेजारच्या बाईंना विचारलं, कोण जिंकलं हो? त्या म्हणाल्या, माझ्या चौघींत नव्हती.

म्हणजे दोहाकर, तुमचं बरोबर. आणि घोड्याची_अडीच_घरं, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसूनही नाहीच दिसत. पंचपरीक्षेचा फॉर्म भरलाय. पुस्तक जाड आहे. बँकेच्या परीक्षांची आठवण झाली.

आता एक व्यवहारातला प्रश्न. अहमदाबादच्या अर्जात "का यायचं आहे" असं विचारलं तर काय लिहायचं?

किटली

अभिनंदन! ओरडलेलं चालतं का तिथे?

चौथी_लेन

उरलेल्या फेऱ्यांची पाटी दाखवायला वेगळा माणूस असतो. ओरडायचं नाही असं नंतर सांगितलं.

दोहाकर

ताई, "लहानपणापासून खेळाची आवड" हे लिहू नका. लाखभर अर्जांत पहिली ओळ तीच असते. तुम्ही आत्ता लिहिलंत ते लिहा: इतक्या मुलींचे नंबर लावले, पाच हजार मीटरला चार जणींच्या फेऱ्या मोजल्या, सकाळी सहाला हजर होते. अर्ज वाचणाऱ्याला माणूस दिसायला हवा जो वेळेवर येईल आणि दुपारी पळून जाणार नाही. गुजराती समजतं का? समजत असेल तर वरच लिहा. जिल्हा संघटनेकडून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या, नंतर कुणी देत नाही.

वांगी_भात

आणि मुलाखतीत विचारलं, त्या पाच हजार मीटरला कोण जिंकलं, तर?

घोड्याची_अडीच_घरं

निकालपत्रक बोर्डावर लावलंय, म्हणायचं. पंच तेच म्हणतात.